परागांची साक्ष आणि वऱ्हाडचा माळ

हवेतून वाहणारे परागकण हे हवामानाचे निदर्शक असतात, हे विधान आता चांगलेच रुळले आहे. पूरक वाचनाच्या पुस्तकांत ते भेटते, विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर भेटते. हिमालयातील किंवा आल्प्समधील एखाद्या सरोवराचे चित्र, त्याखाली परागांच्या संख्येचा आलेख आणि त्याखाली ‘प्राचीन काळचे तापमान’ अशी त्याची ठरलेली मांडणी असते. विधान खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे सांगितले नाही तरी उंच पर्वतांत फारसे बिघडत नसेल. वऱ्हाडात मात्र बिघडते.

हा विषय आताच घेण्याचे कारण असे, की परागांच्या साक्षीवरून आपल्याच मुलखाविषयी एक मोठा दावा करण्यात आला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळावर आधारलेला एक शोधनिबंध २०२१ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. द्वीपकल्पीय भारतातील विरळ झाडांची गवताळ माळराने ही माणसाने तोडलेल्या जंगलांचे अवशेष नाहीत. सुमारे ६,००० वर्षांपूर्वीपासून मोसमी पाऊस क्षीण होत गेला आणि त्यातून ती पसरली, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. अकोला, वाशीम, अमरावतीकडे ज्याला ‘ई-क्लास’ म्हणतात त्या सरकारी चराऊ जमिनीवर झाडे लावावीत की गवत राखावे, याचे उत्तर लोक आता या निष्कर्षातून काढू लागतील. म्हणून साक्षीदाराची उलटतपासणी करणे भाग आहे.

आधी पद्धत थोडक्यात पाहू. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो येथील व्याख्यानात दलदलीतील परागांचे आलेख प्रथम मांडले. परागकणाचे बाह्य कवच ज्या द्रव्याचे असते ते अत्यंत चिवट असते. प्राणवायू नसलेल्या गाळात ते हजारो वर्षे टिकते आणि तीव्र आम्लांनाही दाद देत नाही. गाळाचा नमुना आम्लांत उकळला की इतर बराच कचरा निघून जातो आणि पराग उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली दर नमुन्यात काहीशे कण ओळखायचे, मोजायचे आणि त्यांची टक्केवारी काढायची. कोणता थर किती जुना हे किरणोत्सारी कार्बनवरून ठरते.

उंच पर्वतांत ही पद्धत शोभून दिसते, कारण तेथे वनस्पतींचे पट्टे मुख्यतः तापमानाने आखलेले असतात. दर हजार मीटर चढावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. खाली रुंदपर्णी वने, वर पाइन आणि देवदार, त्यावर भूर्ज, त्याहून वर केवळ कुरणे. हवा उबदार झाली की वृक्षरेषा वर सरकते, थंड झाली की खाली येते, आणि सरोवराच्या गाळात तशी नोंद होते. पण येथेही वारा घोटाळा करतोच. पाइनच्या परागाला हवेच्या दोन पिशव्या असतात. दिवसा दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर तो वृक्षरेषेच्या कितीतरी वर, जेथे एकही पाइन नाही अशा बर्फावर जाऊन पडतो. तो मोजून ‘येथे पूर्वी पाइनचे वन होते’ असे कोणी म्हटले तर ते साफ चूक ठरेल.

याचे टोकाचे उदाहरण तिबेट पठाराच्या उत्तर कडेवरील दुंदे हिमटोपीचे आहे. सुमारे ५,३०० मीटर उंचीवर गवताची काडीदेखील उगवत नाही. तेथल्या बर्फातला प्रत्येक परागकण खालच्या गवताळ आणि वाळवंटी प्रदेशातून वाऱ्याने आणलेला. १९९८ साली त्या बर्फातील परागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १०,००० ते ४,८०० वर्षांपूर्वीच्या काळात पराग विपुल आढळले आणि त्यावरून तेव्हा उन्हाळी मोसमी वारे आजच्यापेक्षा पुढपर्यंत पोचत असावेत असे अनुमान निघाले. हे अनुमान आम्हाला ग्राह्य वाटते, कारण अभ्यासकांनी पराग ‘येथले’ आहेत असे गृहीत धरलेच नव्हते. ते कोठून येऊ शकतात हा प्रश्न त्यांच्या वाचनाचा पायाच होता.

आता आपल्याकडे येऊ. वऱ्हाडचा उंच भाग म्हणजे गाविलगडचे डोंगर. चिखलदऱ्याजवळचे वैराट सुमारे १,१७८ मीटर उंच आहे. अमरावती शहर साधारण ३४० मीटरवर. वरच्या हिशेबाने दोहोंत पाचेक अंशांचा फरक पडावा, आणि मे महिन्यात परतवाड्याहून घाट चढून जाणाऱ्याला तो जाणवतोही. पण हिमालयासारखे वनस्पतींचे पट्टे येथे मिळत नाहीत. पायथ्याचा साग घाटातून बऱ्याच उंचीपर्यंत सोबत करतो. कोठे काय उगवावे हे येथे थंडी ठरवत नाही. पाऊस किती, मातीचा थर किती, उतार कोणत्या बाजूचा, वणवा कितीदा लागतो आणि गुरे किती चरतात यावर ते ठरते. म्हणजे परागांना तापमापक म्हणण्याची सोय येथे नाही. फार तर त्यांना पर्जन्यमापक म्हणता येईल, आणि तोही एका डोळ्याने अधू.

अधू कसा, ते पाहण्यासाठी लोणारला जायची गरज नाही. अकोल्याच्या शिवारात उभे राहिले तरी पुरे. दीडशे वर्षांहून अधिक काळ वऱ्हाड कापसासाठी ओळखला जातो. पण कापसाचा परागकण मोठा, शंभर मायक्रॉनच्या पुढचा, काटेरी आणि चिकट असतो. त्याची वाहतूक कीटक करतात. वाऱ्याला तो पेलत नाही. उद्या पाच हजार वर्षांनी कोणी आपल्या काळातला गाळ उपसला तर ज्या पिकाने या मुलखाचा इतिहास घडवला, ज्याच्यासाठी रेल्वे आली, जिन उभे राहिले, ते पीक त्याला जवळजवळ दिसणारच नाही. मेळघाटचा राजा जो साग, त्याचीही हीच गत. त्याचा मोहोर डोळ्यांत भरतो, पण परागीभवन कीटकांवर अवलंबून. शेजारच्या मध्य प्रदेशात लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या संशोधकांनी सागवनातील जमिनीचे नमुने तपासले, तेव्हा भोवती सागच साग असूनही परागांत त्याचा वाटा अगदी थोडा निघाला. बाभळीचे पराग सुटे नसतात. साधारणतः सोळा-सोळा कणांचे गठ्ठे असतात आणि ते झाडाच्या आसपासच पडतात. ऐन आणि धावडा हे जंगलातले महत्त्वाचे वृक्ष, पण त्यांचे पराग परस्परांपासून वेगळे काढणे इतके अवघड की बहुधा कुळाच्या नावाने एकत्रच मोजतात. उलट वावळ पाहा. जंगलात त्याची संख्या माफक, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये तो वाऱ्यावर पराग इतक्या उदारपणे उधळतो की आलेखात मोठा जमीनदार वाटावा.

आणि गवत! गवताचे पराग वाऱ्यावरच जातात आणि बेसुमार असतात. गुळगुळीत गोल कण, त्याला एकच छिद्र. कुसळ, पवन्या, मारवेल, तिखाडी, सगळ्यांचे जवळपास सारखे. ज्वारी हेही गवतच. तिचा कण आकाराने मोठा असतो, पण आकारावरून पीक आणि रानगवत यांची सीमा काटेकोर ओढता येत नाही. बांबू हेही गवतच, आणि तो तर जंगलातला. पण कित्येक दशकांतून एकदा फुलत असल्याने मधल्या काळात त्याची नोंदच नाही. तेव्हा ‘गवताचे पराग वाढले’ या एका वाक्याचे अर्थ तीन होऊ शकतात: माळ वाढला, ज्वारीची शेती वाढली किंवा झाडांचे पराग घटले.

शेवटचा अर्थ मुलांना फळ्यावर दाखवता येतो. शंभर परागांत ६० गवताचे आणि ४० झाडांचे आहेत. झाडे निम्मी झाली, त्यांचे २० उरले; गवत होते तेवढेच राहिले. आता एकूण ८० पैकी ६०, म्हणजे गवत ७५ टक्के. गवताची एक काडीही न वाढता आलेखात ते ६० वरून ७५ वर चढले! यावर उपाय म्हणून नमुन्यात ओळखू येणारे बीजाणू ठरावीक संख्येने मिसळतात आणि त्यांच्या प्रमाणात परागांची खरी संख्या काढतात. ज्या लेखात केवळ टक्केवारी दिली असेल तो वाचताना हे उदाहरण आठवावे.

एक गोष्ट आणखी. गाजरगवत महाराष्ट्रात पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले आणि पुढे काही दशकांत वऱ्हाडातील प्रत्येक पडीक कोपरा त्याने व्यापला. त्याचे पराग गुठळ्यांनी हवेत उडतात. भावी अभ्यासकाला गाळाच्या एका थरात हे पराग एकाएकी दिसू लागतील. त्याने त्याचा संबंध पावसाशी जोडला तर? वनस्पती बदलली हे खरे, पण ती धान्याच्या व्यापाराने आणि माणसाच्या वावराने बदलली.

एवढी तयारी झाल्यावर लोणारचा निबंध वाचायला घ्यावा. रिडेल, श्टेबिश, सुषमा प्रसाद, जयश्री रत्नम, महेश शंकरन, डोरियन फुलर आदींचे हे काम आहे. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि बंदिस्त आहे. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. क्षारयुक्त पाण्याच्या तळाशी प्राणवायू नसल्याने गाळ निवांत साचत राहतो. तेथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढण्यात आला. त्यात गेल्या सुमारे ११,००० वर्षांचा हिशेब आहे, म्हणजे वर्षाला सरासरी मिलिमीटरहून किंचित कमी. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत असा हिशेब मिळणे कठीण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती हातभर खाली जाते आणि जुने-नवे एक होऊन बसते.

या कामाची थोरवी आम्हाला दोन गोष्टींत वाटते. पहिली, यातील काही संशोधकांनी जुने पराग वाचण्याआधी आजचे वाचले. विवरात आणि भोवताली आज कोणती झाडे आहेत आणि तेथे कोणते पराग पडतात याची तुलना त्यांनी २०१५ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली होती. वर आम्ही कापूस-सागाची जी रडकथा सांगितली तिला हेच एक उत्तर आहे. दुसरी, ते परागांवर विसंबून राहिले नाहीत. गाळातील कोळशाच्या कणांवरून त्यांनी वणव्यांचा अंदाज घेतला. पानांवरच्या मेणाचे रेणू गाळात टिकतात, त्यांचाही पुरावा या सरोवरातून उपलब्ध आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते आणि झाडे हवेतला कार्बन वेगवेगळ्या रासायनिक मार्गांनी घेतात. त्यामुळे त्यांच्या मेणातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते. फूल कीटकांचे की वाऱ्याचे याच्याशी मेणाला कर्तव्य नाही. पराग आणि मेण अशा दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या तर वजन वाढते.

तरीही आमच्या शंका आहेत. सरोवर आटले की काठाची जमीन उघडी पडते आणि तेथे गवत माजते. हे गवत स्तंभ काढलेल्या जागेच्या अधिक जवळ असते, म्हणून त्याचे पराग आणि मेण दोन्ही अधिक प्रमाणात गाळात पडणार. पाऊस कमी झाला हा निष्कर्ष यामुळे डळमळत नाही, उलट पक्का होतो. पण ‘पठारावरचे जंगल हटून माळ आला’ हा त्यापुढचा निष्कर्ष मात्र तेवढ्या प्रमाणात सैल होतो. विवराच्या आतले उतार आणि बाहेरचे पठार यांत आजही केवढा फरक आहे, हे तेथे सहल नेलेल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे: आत दाट झाडी, बाहेर शेते.

दुसरी शंका माणसाविषयी. ज्वारीचे शेत आणि कुसळीचा माळ यांत पराग फरक करू शकत नाहीत हे आपण पाहिले. मेणही करू शकत नाही, कारण ज्वारी कार्बन घेते तो गवतांच्याच मार्गाने. दोन्ही साक्षीदार येथे एकाच जागी आंधळे आहेत. मात्र ही शंका सगळ्या काळाला सारखी लागू नाही, आणि निबंधाचे बलस्थान नेमके येथे आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. सहा हजार वर्षांपूर्वी ती भारतात नव्हती. दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन गावे त्यानंतर कितीतरी शतकांनी वसली. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे उत्खननात मिळालेली वस्तीही त्याच नंतरच्या काळातली. माळ आधी पसरू लागला, शेतकरी आणि गुराखी मागून आले, हा क्रम आम्हाला पटतो. सहा हजार वर्षांपूर्वीची सुरुवात पावसाने केली, हे लोणारने बऱ्याच अंशी सिद्ध केले असे म्हणायला हरकत नाही. गेल्या दोन हजार वर्षांत माळ ज्या स्थितीला आला तोही पावसानेच, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. त्या काळात माणूस, त्याची गुरे, त्याचा विळा-कोयता सगळे हजर आहेत आणि साक्षीदारांना ते नीट दिसत नाहीत.

त्याच गाळावरील २०१४ च्या एका निबंधाचाही येथे विचार केला पाहिजे. सरोवर फार खारट झाल्यावरच जे विशिष्ट स्फटिक तयार होतात, त्यांवरून संशोधकांनी दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड दाखवले: ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दुसरा कालखंड म्हणजे इसवी सनाच्या आरंभापासून चौदाव्या शतकापर्यंतचा. याच कालखंडात वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. याच राजवटीत अजिंठ्याची काही उत्तम लेणी कोरली गेली. दुष्काळ पडला म्हणून संस्कृती लयाला गेली, हे सोपे समीकरण वऱ्हाडात तरी बसत नाही. बंदिस्त सरोवराचे पाणी आणि शेतातले पीक यांचा हिशेब एक नसतो. काळी माती ओल धरून ठेवते, पावसाळा संपल्यावर रब्बी पिकते; सरोवराला तशी सवलत नाही, त्याचे पाणी उन्हाने उडतच राहते. स्फटिक खोटे बोलत नाहीत. ते फक्त सरोवरापुरते बोलतात.

आता ई-क्लासचा प्रश्न. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार, २०१८ साली तेरा आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचे संकल्प सोडले गेले. शाळांनी त्यात हौसेने भाग घेतला. खड्डे खणायला मुलेच होती. यामागची समजूत अशी की जेथे झाड नाही तेथे पूर्वी अरण्य होते आणि माणसाने ते तोडले. लोणारचा पुरावा या समजुतीला मोठा धक्का देतो, आणि तो द्यायलाच हवा होता. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर तणमोरासारखा दुर्मिळ पक्षी येतो, तो झाडांच्या रांगांत येणार नाही. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे, हे मुलांना कोणीतरी सांगितलेच पाहिजे.

पण म्हणून ‘सगळा माळ निसर्गाचाच’ असे उलट टोकही गाठू नये. लोणार पठारावर आहे. पातळ मुरमाड मातीचा तेथला माळ, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि मेळघाटच्या पायथ्याची अकोटकडची जमीन, यांचा इतिहास एकच असेल असे समजायला आधार नाही. निबंधाचा निष्कर्ष मात्र सबंध द्वीपकल्पाविषयी आहे. एका विवराच्या गाळाला एवढा मोठा प्रदेश पेलवणे आम्हाला धाडसाचे वाटते.

शाळेत या विषयावर प्रकल्प करायचा झाल्यास तक्त्यावर तापमानाचा आलेख काढण्यापूर्वी वाऱ्याला आणि फुलांना भेटावे. काचपट्टीवर ग्लिसरीन जेलीचा पातळ थर देऊन ती गच्चीवर, वर छोटे छप्पर असलेल्या मोकळ्या चौकटीत चोवीस तास ठेवावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवताचे गोल कण हमखास सापडतात. फेब्रुवारीत वावळाचे शोधावेत. शक्य असेल तर चिखलदऱ्याच्या एखाद्या शाळेशी ठरवून त्याच दिवशी तेथेही काचपट्टी ठेवावी. नुसत्या पडणाऱ्या कणांत जड कण लवकर खाली येतात, म्हणून दोन्हीकडची संख्या हवेतील खरी संख्या नव्हे, हे वहीत नोंदवावे. त्याच वहीच्या समोरच्या पानावर शाळेच्या भोवती पाचशे पावलांत कोणती झाडे, कोणती पिके आणि कोणती तणे आहेत, त्यांतली त्या आठवड्यात फुलावर कोणती होती, आणि वारा कोठून वाहत होता, याची यादी असावी. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली की कापसाने भरलेल्या शिवारात काचपट्टीवर कापूस का नाही, हा प्रश्न बहुधा पहिल्याच दिवशी एखादे पोर विचारते.